तंबूतले मशीन

आमच्या घरात ‘मशीन’ म्हटले की शिवणयंत्र नव्हे, पिठाची गिरणी नव्हे, तर सिनेमाचे मशीन असाच अर्थ घेतला जातो. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सारी भावंडे बापू म्हणतो, १९७४ पासून २०१२ पर्यंत टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. मालेगावच्या खंडोबाची यात्रा, अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र, जांब समर्थची रामनवमी. यात्रा तिथे तंबू आणि तंबू तिथे बापू. वर्षातले सात-आठ महिने ते घराबाहेर असत. पुढे यात्रांतून डिजिटल मशीन आले, रिळांच्या प्रिंट मिळेनाशा झाल्या, आणि शेवटच्या हंगामात पगाराची बाकी थकली तेव्हा मालकाने पैशांऐवजी दोनपैकी एक मशीन बापूंच्या पदरात टाकले. ते टेम्पोतून वाटूरला आले आणि गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे गोणपाट पांघरून बसले.

गेल्या दिवाळीनंतर गोठा पाडून तिथे पक्की खोली बांधायचे ठरले आणि भंगारवाला दारात आला. आमच्या भागात भंगाराचा प्रवास ठरलेला असतो. मोडीत निघालेले लोखंड, मग ते मोटेचे असो, मोटारीचे असो की औताचे, शेवटी जालन्याच्या वारीला जाते. तिथल्या भट्ट्यांत ते वितळते, सळई होऊन बाहेर पडते आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गाडले जाते. आमचे मशीन काट्यावर एकशे बेचाळीस किलो भरले. पितळ आणि अॅल्युमिनियम निराळे धरून चार-साडेचार हजारांचा हिशेब झाला. तेवढ्यात खोलीच्या दाराची चौकट येते, हे वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते.

मी नको म्हटले. सगळ्यांनी बापूंकडे पाहिले. ते म्हणाले, “जाऊ द्या की. पडून पडून गंजायलंय, त्यापेक्षा बरं.” पण हे बोलताना त्यांचा हात मशीनच्या कडीवर होता, आणि कडी उघडून त्यांनी आतल्या चाकाला बोट लावून पाहिले. चाक हलले नाही. वडिलांना तेवढे दिसले असावे. ते मला म्हणाले, “चालवून दाखव. चाललं तर राहील. अक्षय तृतीयेपर्यंत वाट पाहतो.”

तेव्हापासून रविवार आणि सुट्ट्या मशीनपाशी जातात. आजीच्या मते काळे हात करून घेण्याचा हा प्रकार कला शाखेत शिकवत असावेत.

मशीन दिसते एक, पण ते तिघांचे एकत्र कुटुंब असते. वर ‘हेड’, ज्यातून फिल्म जाते. त्याखाली ‘साउंडहेड’, ज्यातून आवाज निघतो. आणि मागे ‘लॅम्पहाऊस’, म्हणजे दिव्याची पेटी. आमच्या मशीनचे हे तिन्ही भाग तीन वेगळ्या घराण्यांतले आहेत. तंबूच्या धंद्यात हे नवलाचे नव्हते. रस्त्यात एखादा भाग गेला की जो मिळेल तो बसवायचा आणि रात्रीचा खेळ चुकवायचा नाही. त्यामुळे हे मशीन कोणत्या कंपनीचे, या प्रश्नाला बापू उत्तर देतात, “आपल्या कंपनीचं.”

त्याचा जीव मात्र एका लहानशा तुकड्यात आहे. चार खाचांचा एक पोलादी क्रॉस, तळहाताच्या मध्यावर मावेल एवढा. सिनेमा हलतो असे आपण म्हणतो, पण खरी गंमत अशी की पडद्यावर हलते चित्र कधीच येत नाही. फिल्म खिडकीपुढे थांबते, क्षणभर उजेड खाते, मग पुढचे चित्र येते आणि तेही थांबते. सेकंदाला चोवीस वेळा हे थांबणे-सरकणे चालते. एका फिरत्या चकतीवर एक खुंटी असते. ती दर फेऱ्यात क्रॉसच्या खाचेत शिरते, त्याला पाव फेरा फिरवते आणि बाहेर पडते. फेऱ्याचा उरलेला तीन चतुर्थांश वेळ क्रॉस स्तब्ध असतो. त्याच आसावर सोळा दात्यांचे चाक असते. पाव फेरा म्हणजे चार दाते आणि चार दाते म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मवरचे बरोबर एक चित्र. चित्र सरकत असताना शटरचे पाते उजेड अडवते, म्हणून ते सरकणे आपल्याला दिसत नाही. शाळेत आम्ही अपूर्णांक शिकलो, पण अपूर्णांकांवर कुणी तीन तास हसते-रडते हे तेव्हा ठाऊक नव्हते.

याच कामासाठी दुसरी युक्तीही आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे जे यंत्र चालले, त्यात क्रॉस नव्हता. दोन नखे फिल्मच्या छिद्रांत शिरून तिला खाली ओढत आणि मागे फिरत. शिवणयंत्र कापड जसे पुढे सारते, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. शाळांतून फिरणाऱ्या १६ मिलिमीटरच्या लहान मशीनमध्येही नखच असते. बापूंनी दोन्ही प्रकार चालवले आहेत. त्यांचे मत असे की नखाचे मशीन हलके, उचलायला सोपे, पण छिद्र फाटलेल्या फिल्मला ते माफ करत नाही. क्रॉसच्या मशीनमध्ये चाकाचे अनेक दाते एकदम धरतात, म्हणून जुनी, सतरा ठिकाणी जोडलेली प्रिंटही निभावून जाते. तंबूत नवी प्रिंट येणार कुठून? शहरात वर्षभर घासून झाल्यावर सिनेमा यात्रेला यायचा. तुटला की बापू दोन टोके खरवडून सिमेंट लावून जोडत. दर जोडाला एक-दोन चित्रे कमी होत. हंगामाअखेर एखादे गाणे कडव्याच्या मध्येच संपे, आणि लोक ते तसेच पाठ करून जात.

आमच्या मशीनचा क्रॉस वाळलेल्या तेलाने घट्ट धरला होता. तीन दिवस रॉकेलमध्ये ठेवला तेव्हा सुटला. फिल्म ओढणाऱ्या चाकाचे दाते एका बाजूने झिजून आकड्यासारखे वाकले होते. मला वाटले, चाक गेले. बापूंनी ते आसावरून काढले, उलटे करून बसवले आणि दात्यांची कोरी बाजू कामाला लावली. एक दातेरी चाक मात्र फुटलेलेच होते. ते घेऊन मी जालन्याला एका लेथवाल्याकडे गेले. दाते मोजून, व्यास मोजून त्याने आठ दिवसांत नवे कापून दिले. ज्या शहरातल्या भट्टीत हे मशीन वितळणार होते त्याच शहरातून त्याचे चाक आले, याची मला फार मौज वाटली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू असेच होते. जुने प्रोजेक्टर हाताळत, लेथवर सुटे भाग कापत ते कॅमेऱ्यापर्यंत पोहोचले. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी १९१८ पर्यंत कॅमेरा पुरा केला आणि त्याच्याच बळावर १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. सिनेमाचा इतिहास आपण नटनट्यांचा म्हणून वाचतो. त्यातला लेथचा इतिहास कुणी सांगत नाही.

कॉलेजच्या सहलीत मुंबईला गेलो तेव्हा पेडर रोडवर २०१९ साली सुरू झालेले भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय पाहिले. तिथे जुनी यंत्रे चकचकीत पुसून ठेवली आहेत. पाहून समाधान वाटले, आणि थोडे परकेपणही. ती सारी गप्प होती. सिनेमाचे मशीन चालू असताना जो खडखडाट करते तो ऐकल्याशिवाय ते पाहिले असे म्हणता येईल का? शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा गौरवही झाला. तो खडखडाट त्यात आहे. बापूंना याविषयी सांगितले, तर त्यांनी एवढेच विचारले, “तो रिळावर काढलाय का डिजिटलवर?”

जुनी यंत्रे पुन्हा उभी कशी करतात हे शोधता शोधता मला साता समुद्रापलीकडची एक जमात सापडली. आपल्याकडे तंबूत ‘पांडू हवालदार’ आणि ‘जय संतोषी माँ’ यांची जुनी रिळे फिरत होती, त्याच सुमारास, १९८३ साली, अमेरिकेत नाणे टाकून खेळायचा एक खेळ आला. त्याचे नाव ‘ड्रॅगन्स लेअर’. त्या काळचे इतर व्हिडिओ खेळ ठिपक्या-चौकोनांचे. यात मात्र डिस्नेतून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथने हाताने काढलेला खराखुरा चित्रपट दिसे. डर्क नावाचा शिलेदार किल्ल्यात शिरतो आणि डॅफ्नी राजकन्येला सोडवतो. खेळणाऱ्याने नेमक्या क्षणी दांडा वळवला तर डर्क वाचतो, नाही तर त्याच्या मरणाचे चित्र लागते. इतर खेळांना पंचवीस सेंट, याला पन्नास. तरी रांगा लागत.

हे चित्र साठवलेले असे लेझरडिस्कवर. ती ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी, चंदेरी, पण सुईऐवजी लेझरच्या किरणाने वाचली जाणारी. तिच्या एका बाजूवर चोपन्न हजार चित्रे मावतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. खेळाचा संगणक फर्मावतो, अमुक क्रमांकावर जा. किरण तिथे उडी घेतो. त्या उडीला वेळ लागे आणि पडदा मध्येच काळा पडे. तबकडी वाचणारी यंत्रे दिवसभर अशा उड्या मारण्यासाठी घडवलेली नव्हती. ती भराभर बिघडू लागली. ‘अॅस्ट्रॉन बेल्ट’, ‘स्पेस एस’, ‘क्लिफ हँगर’ असे पुष्कळ खेळ निघाले, पण वर्ष-दोन वर्षांत लाट ओसरली. ‘क्लिफ हँगर’ तर जपानी ल्यूपँ चित्रपटांचे तुकडे कापून बनवलेला. आमच्या तंबूवाल्यांनाच कात्री चालवता येत होती असे समजायचे कारण नाही.

आता तिकडचे हौशी लोक हे खेळ गोळा करतात आणि दुरुस्त करतात. त्यांची दुखणी ऐकून मला आमच्या गोठ्याची आठवण झाली. जुन्या यंत्रांत हेलियम-निऑन वायूची लेझर-नळी असते. ती वयाने मंदावते, आणि नवी मिळत नाही. तबकडीच्या दोन थरांमधला डिंक दगा देतो, आतले अॅल्युमिनियम हवा लागून खराब होते आणि चित्रावर ठिपक्यांचा पाऊस पडू लागतो. आपल्या फिल्मलाही असेच रोग आहेत. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशाच फिल्मच्या आगीत शेकडो जुने चित्रपट गेले. त्यानंतरची अॅसिटेट फिल्म पेटत नाही, पण कुजते आणि तिला व्हिनेगरचा आंबट वास येतो. आमच्याकडे दोन रिळे उरली आहेत. एकाचा डबा उघडताच आजी म्हणाली, “लोणचं नासलंय कुठंतरी.”

या मंडळींत एक वाद आहे, आणि तोच मला घरी घेऊन यायचा होता. एक पक्ष म्हणतो, लेझर मेला तर काढून टाका. कपाटाच्या आत संगणक बसवा. चित्रे त्यात भरा. खेळणाऱ्याला काय कळते? असा संगणकी अवतार खरोखरच तयार झाला आहे, आणि त्याला राजकन्येचेच नाव दिले आहे, डॅफ्नी. दुसरा पक्ष जुनेच यंत्र शोधतो, नळ्या मिळवतो, आरसे जुळवतो. ती उडी, तो क्षणभर काळा पडणारा पडदा हाही खेळाचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. तो काळोख गेला तर खेळ सुधारतो. पण मग तो १९८३ सालचा खेळ राहत नाही.

हाच वाद माझ्यात आणि बापूंच्यात लॅम्पहाऊसवरून पेटला आहे.

आमच्या मशीनचा दिवा म्हणजे बल्ब नाही. त्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरतात, एक धन, एक ऋण. त्या क्षणभर टेकवून अलग केल्या की मध्ये विजेची ज्योत उभी राहते. तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही. मागचा आरसा तो उजेड गोळा करून फिल्मवर टाकतो. कांड्या जळत आखूड होतात, अंतर वाढते, उजेड पिवळा पडतो. म्हणून ऑपरेटरने काळ्या काचेतून पाहत दांडी फिरवून ते अंतर सारखे राखायचे. दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटे चालते, आणि त्या बावीस मिनिटांत हात दांडीवरून फार काळ काढता येत नाही. बापूंनी ‘माहेरची साडी’ किती वेळा दाखवला याची गणती नाही, पण तो त्यांनी धड एकदाही पाहिलेला नाही. बायकांच्या बाजूने हुंदके आले की ते समजत, आता अमुक रीळ.

आता या कांड्या मिळत नाहीत. मी सुचवले की त्या पेटीत एक जोरदार एलईडी दिवा बसवू. तो तापत नाही, फिल्म गेटमध्ये अडकली तरी जळणार नाही, आणि धूरही नाही. माझे म्हणणे असे की दिवा हे मशीनचे इंधन आहे. चूल तीच राहते, सरपण बदलते. क्रॉस शाबूत असला, खडखडाट तोच असला, चोवीस वेळा थांबणे-सरकणे तेच असले, तर मशीन तेच. क्रॉस काढून तिथे दुसरे काही बसवले असते तर मी स्वतःच भंगारवाल्याला बोलावले असते.

बापूंना हे मुळीच पटत नाही. ते म्हणतात, “चाकं तर मोटर फिरवती. तिथं माणूस कुठाय? माणूस कार्बनपाशी असतो.” अडतीस वर्षे त्यांनी जे केले ते म्हणजे ती ज्योत राखणे. क्रॉसचे काम क्रॉस आपला आपण करीत होता. बल्ब लावला की मशीन चालेल, पण ऑपरेटर लागणार नाही, आणि ऑपरेटरशिवाय चालणारे मशीन तर मालकाने २०१२ सालीच आणले होते. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. मतही मात्र बदललेले नाही.

माघ महिन्यात एका रात्री आम्ही माझ्या पद्धतीने चाचणी घेतली. एलईडीचा दिवा, मोटरचा पट्टा जोडलेला नाही म्हणून हाताने फिरवायचा दांडा, आणि समोर नव्या खोलीची नुकती चुना दिलेली भिंत. आंबट वास नसलेले रीळ फिल्म्स डिव्हिजनच्या एका जुन्या समाचारचित्राचे निघाले. भिंतीवर विहीर आली, पंप आला, पाण्याची धार आली आणि फेटा बांधलेला एक शेतकरी हसला. आवाज नव्हता, फोटोसेल मेलेला आहे आणि त्याचे औषध अजून सापडायचे आहे. माझा हात कधी वेगात, कधी हळू, त्यामुळे शेतकरी मध्येच धावपळ करी. वडील दारात उभे राहून पाहत होते. “पाणी बरं लागलेलं दिसतंय त्याला,” एवढे बोलून ते गेले. बापूंनी गेटच्या वरचा फिल्मचा लूप बोटाने सारखा केला आणि चित्राची थरथर थांबली. दिव्याविषयी ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून तंबाखूचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात कार्बनच्या अर्धवट जळालेल्या सात कांड्या होत्या, शेवटच्या हंगामातल्या. त्यांच्या हिशेबाने त्या सगळ्या मिळून एक लहान रीळ निघेल, म्हणजे हजार फूट, अकरा मिनिटे. मी म्हटले, या जाळायच्या नाहीत, नमुना म्हणून राहू द्या. पुन्हा कुणी विचारले तर दाखवायला काय उरेल? ते म्हणाले, “डब्यात ठेवलेला कार्बन काय दाखवतो? कोळसा दिसतो.”

कार्बनला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, आणि तंबूतला रेक्टिफायर केव्हाच विकला गेला. पण वाटूर फाट्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे डीसी मशीन आहे, आणि बापू दोनदा त्याच्याकडे जाऊन आले आहेत. कांड्यांवर त्यांनी खडूने अधिक आणि उणे अशा खुणा करून ठेवल्या आहेत.